भिंतीवरचे बटण

सोमवार, ३ तारीख

आज घरात आलेले: कोऱ्या सीड्या पंचवीस नग, एकशे पंच्याहत्तरला. शंभर पानी वही एक, चाळीसला. यांच्या डोळ्यांचे थेंब, एकशे दहाला. टपालाने एक पत्र आणि संगणकावर एक ई-मेल. ही दोन्ही फुकट, पण महाग पडणार ती हीच.

सीड्या स्वस्तातल्या घेतल्या. दुकानदार म्हणाला, "बाई, या गाण्याबिण्याला ठीक आहेत, कामाच्या नाहीत." मी म्हटले, एकदा लावायची नि बाजूला ठेवायची, तिला काय सोन्याचा मुलामा हवा?

वही एकच घेतली. पुढून रोजनिशी, मागून चाचण्यांचे टिपण. मध्ये दोन्ही भेटली की दुसरी आणू.

आधी नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे मलाच कळेल. मागच्या खोलीत यांचे जुने वर्कस्टेशन, म्हणजे एक मोठा संगणक, आहे. हे नकाशाच्या कचेरीत होते तेव्हा त्यावर काम करायचे. कचेरीने ते भंगारात काढले तेव्हा निरोपाचे घड्याळ नको, हे द्या, असे म्हणून यांनी हातगाडीवरून घरी आणले. बनवणारी कंपनी कधीच बुडाली. पण जगभरातले शेकडो लोक मिळून एक ऑपरेटिंग सिस्टिम फुकट लिहितात, तिच्या पोटात कर्नेल नावाचा कारभारी असतो. कोणत्या तारेतून काय आले, कोणी कोणाशी कधी बोलायचे, हे तो ठरवतो. हा कारभारी दर दोन-तीन महिन्यांनी बदलतो. नव्या कारभाऱ्याने आपले जुने यंत्र ओळखावे म्हणून हे गेली सोळा वर्षे खटपट करतात. पगार नाही, मानधन नाही. यांची बहीण, म्हणजे आमच्या वन्सं, खालच्या मजल्यावर राहतात. त्या म्हणतात, "भजनाला बसला असता तर चहा तरी मिळाला असता."

दोन वर्षांपूर्वी यांच्या डोळ्यांचा मधला भाग गेला. कडेने दिसते. दार दिसते, माणूस दिसते, अक्षर दिसत नाही. ई-मेल मी वाचून दाखवते.

आजचा ई-मेल वर बसलेल्या गृहस्थांचा. कर्नेलमध्ये काय ठेवायचे नि काय टाकायचे ते हे गृहस्थ ठरवतात, म्हणून मी त्यांना चाळणीवाले म्हणते. लिहितात की, या यंत्रावर कर्नेल चालल्याची खबर दोन वर्षांत आली नाही. वापरणारे उरलेले दिसत नाहीत. एकतीस तारखेपर्यंत दोन वेगळ्या यंत्रांवर नवे कर्नेल चालल्याचे कोणी कळवले नाही, तर या यंत्राचा भाग काढून टाकण्यात येईल.

हे म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. अडगळ किती दिवस सांभाळायची?" पण चहा तसाच राहिला. साय धरली.

टपालाचे पत्र पायवाल्यांचे. पायवाले म्हणजे कृत्रिम पाय बनवणारे गृहस्थ. आमच्यासारखेच यंत्र त्यांच्या कारखान्यात आहे. इस्पितळातून रुग्णाचे माप तारेने येते, यंत्र ते कोरायच्या मशीनला सांगते, आणि मशीन पायाचा साचा कोरते. ते मशीन दुसऱ्या कोणत्याच संगणकाचे ऐकत नाही. इस्पितळाने नियम काढला की या वर्षीचे कर्नेल नसेल त्या संगणकाला तारेवर घेणार नाही, आणि एक तारखेला त्यांची तार तोडली. आता ई-मेलही नाही. कानाने ऐकू येत नाही, म्हणून फोनही नाही. पेन्सिलीने लिहिले आहे: "तेरा माणसे थांबली आहेत. त्यांत एक नऊ वर्षांची मुलगी आहे. पाय तेवढाच राहतो, ती वाढते आहे. नवीन मशीन घ्यायचे तर घर विकावे लागेल."

हे म्हणाले, "परत वाच." परत वाचले.

मग म्हणाले, "डोकं माझं, हात तुझे. जमेल?"

"आणि डोळे?"

"तेही तुझेच."

मॅट्रिकला मला विज्ञानात छत्तीस होते, हे यांना ठाऊक आहे.

बुधवार, ५ तारीख

नवे कर्नेल साध्या संगणकावर तयार होते. शिजायला चाळीस मिनिटे. तेवढ्यात आमटी-भात झाला. शिजलेले सीडीवर घ्यायचे, सीडी जुन्या यंत्रात घालायची, यंत्र लावायचे, आणि पडद्यावर ज्या ओळी येतील त्या वाचायच्या. सगळे ठीक असेल तर शेवटी एक पांढरा चौकोन लुकलुकतो. तो लुकलुकला की यंत्र उठले.

उठले नाही. एकोणचाळीस ओळी आल्या आणि थांबले. सगळ्या ओळी वहीत उतरवल्या, अक्षरन्‌अक्षर, टिंबासकट. अर्थ कळला नाही तरी उतरवायला काय जाते? शेवटची ओळ बाहेरच्या तारांच्या चिपची. पायवाल्यांचे कोरायचे मशीन नेमके याच चिपेला जोडलेले आहे.

एक गोष्ट इथे लिहून ठेवते, कारण ही वही यांना वाचता येत नाही. रात्री नऊला हे झोपले की मी यंत्राचे भिंतीवरचे बटण बंद करते. पंधरा वर्षे. यांचे म्हणणे, जुने यंत्र बंद करू नये, बंद केले तर उठेलच असे नाही. माझे म्हणणे, देवापुढच्या दिव्याखेरीज घरात रात्रभर काही जळू नये. वाद नको म्हणून बोलले नाही. पहाटे पाचला उठून पुन्हा लावत असे, म्हणजे सातला हे येत तेव्हा यंत्र जागचे जागी. डोळे गेल्यापासून पाचला लावणे सोडले, काम असेल तेव्हाच लावते. दुपारी हे पडतात तेव्हाही तासभर बंद करते. हे खोटे बोलणे नव्हे. कोणी विचारलेलेच नाही.

गुरुवार, ६ तारीख

यांनी आज काम समजावले. दोन वर्षांपूर्वीचे कर्नेल चालत होते, आजचे अडकते. मध्ये सोळा हजार बदल झाले. त्यांतला कोणता बदल भोवला ते शोधायचे.

मी म्हटले, "सोळा हजार सीड्या?"

"अगं, नाही. बरोबर मधलं घ्यायचं. ते चाललं तर चूक नंतरच्या अर्ध्यात, अडकलं तर आधीच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचं मधलं."

"एवढंच? हे तर मी महिनाअखेर करते."

"काय करतेस?"

"बेरीज जुळली नाही की पंधरा तारखेपर्यंतची मारून बघते. तिथवर जुळली तर घोळ पुढच्या पंधरवड्यात."

हे म्हणाले, "मला हे शिकायला कचेरीत तीन वर्षं लागली होती."

चौदा वेळा अर्धे करायचे. पंचवीस सीड्या आणल्या ते बरे झाले.

बदलांच्या यादीत एका मुलीचे नाव सारखे येते. जुने, न लागणारे असे ती काढून टाकत असते. हे तिला झाडूवाली म्हणतात. रागाने नव्हे. म्हणतात, चांगली झाडते, कोपरेसुद्धा सोडत नाही.

रविवार, ९ तारीख

वन्सं वर आल्या. मी यंत्रापाशी, हे पलंगावर पाय पसरून. हे सांगत होते, मी कळा दाबत होते.

"वा! साहेब झोपलेत, कारकून कामाला."

"कारकूनच साहेब आहे आता," हे म्हणाले.

"मग पगार कोणाला?"

"दोघांनाही नाही," मी म्हटले. "भांडणच मिटलं."

वन्सं हसल्या, पण जाताना जिन्यात माझा हात धरून म्हणाल्या, "त्याला उद्योग पुरवत्येस ते चांगलं करत्येस गं. आमचे बाबा असेच नुसते बसले, मग उठलेच नाहीत." पोळ्या करताना तव्यावर एक करपली.

अर्धे करण्याच्या सात फेऱ्या झाल्या. काही सकाळी घेतल्या, काही संध्याकाळी, घरकाम बघून.

मंगळवार, ११ तारीख

चौदा फेऱ्या पूर्ण. शेवटी जो बदल हाती लागला तो भलत्याच यंत्राच्या कळफलकावरच्या दिव्याचा निघाला. आपला काडीचा संबंध नाही. दळण कुठले, पीठ कुठले!

यांनी तीच सीडी परत लावायला सांगितली. चालली, जी सकाळी अडकली होती ती. मग जी काल चालली होती ती उद्या सकाळी लावून बघू म्हणाले.

बुधवार, १२ तारीख

परवा चालली ती आज अडकली.

सीड्या स्वस्तातल्या आहेत हे यांना सांगितले. वाटले, रागावतील. म्हणाले, "सीडी खराब असती तर प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी अडकली असती. ही रोज एकाच ओळीला थांबते. सीडी खोटी नाही. मीच काहीतरी विसरतोय." कपाळावर बोटे ठेवून बसले. "सोळा वर्षं हे यंत्र मी तळहातासारखं जाणत होतो. आता तळहातही दिसत नाही."

मी म्हटले, "दुधात साखर कमी झालीय का?"

शुक्रवार, १४ तारीख

काल यांनी सगळा घोळ चाळणीवाल्यांना सांगायला लावला. मी टंकला. आज उत्तर आले. वाचून दाखवले.

उत्तरात सहा ओळी होत्या. मी पाच वाचल्या.

चौथी ओळ अशी होती: "दोन चाचण्यांच्या मध्ये यंत्राचा वीजपुरवठा पूर्ण बंद होतो का, की ते कायम चालू असते?"

मी तिसरीवरून पाचवीवर गेले. कसे गेले ते माझे मला कळले नाही, पण गेले. पाचवीत लिहिले होते की अशी उलटसुलट माहिती ग्राह्य धरता येणार नाही.

हे म्हणाले, "एवढंच?"

"एवढंच."

"मग बास झालं. काढू दे त्यांना. पायवाल्यांना लिही, म्हातारा थकला म्हणावं."

"आज टपाल निघून गेलं," मी म्हटले. हेही खोटेच. साडेचार वाजले होते, टपाल साडेपाचला निघते.

शनिवार, १५ तारीख

जपाला बसले, माळ तीनदा चुकली. आंधळ्या माणसाला वाचून दाखवायचे आणि मधली ओळ गाळायची, याला चोरी म्हणतात. वाण्याने वजनात मारले तर मी त्याला दारात उभे करणार नाही.

पण ओळ कळली असती तर यांनी विचारले असते. मग पंधरा वर्षे निघाली असती. मागे एकदा यांनी शेजाऱ्यांना माझ्यादेखत सांगितले होते, "आमचं यंत्र बारा वर्षांत एकदाही बंद पडलेलं नाही." केवढ्या अभिमानाने. मी तेव्हा पोहे परतत होते.

मंगळवार, १८ तारीख

तीन दिवस यंत्राला हात लावला नाही. हे रेडिओ ऐकतात, म्हणजे लावून ठेवतात.

आज दुपारी वहीची मागची पाने उघडली. आम्ही चाचण्या सीडीच्या क्रमाने बघत होतो. पण मला सवय आहे, प्रत्येक नोंदीला वेळ घालायची. दूध किती वाजता, गॅस किती वाजता. तशी इथेही घातली होती. म्हणून सगळ्या चाचण्या सीडी सोडून वेळेने परत मांडल्या. डावीकडे चालल्या त्या, उजवीकडे अडकल्या त्या.

उजवीकडे: सकाळी साडेसात, पावणेआठ, साडेसात, दुपारी पावणेतीन, साडेसात, तीन.

डावीकडे: साडेनऊ, अकरा, साडेचार, सहा, बारा. उरलेल्याही याच धर्तीच्या.

दिवसाची पहिली नेहमी अडकते. यांच्या दुपारच्या झोपेनंतरची पहिली अडकते. बाकीच्या चालतात. कोणतेही कर्नेल असो. एकही अपवाद नाही.

सीडीचा दोष नाही. यांच्या डोक्याचा तर नाहीच. प्रत्येक अडकलेल्या नोंदीच्या आधी माझा हात भिंतीवर आहे.

बेरीज जुळली. आनंद झाला नाही.

बुधवार, १९ तारीख

हे आंघोळीला गेले तेव्हा चाळणीवाल्यांना ई-मेल लिहिला. यांनी न सांगता लिहिलेला हा पहिला. असा:

"आपल्या १४ तारखेच्या चौथ्या ओळीचे उत्तर राहिले होते. यंत्र रोज रात्री नऊला आणि दुपारी दीडला भिंतीवरून बंद होते. ते मी करते. घरच्यांना माहीत नाही. पंधरा वर्षे. सोबत चाचण्यांचा तक्ता वेळेप्रमाणे. बंद राहिल्यानंतरची पहिली चाचणी प्रत्येक वेळी अडकते. ज्यांची चूक नाही त्यांना चूक लागू नये म्हणून कळवले."

पाठवायची कळ दाबली. परत घेता येत नाही म्हणे.

उत्तर येईल ते सगळे वाचून दाखवायचे, एक ओळही गाळायची नाही, असे देवाला सांगितले आहे. उत्तर येऊच नये, असेही हळूच सांगून पाहिले.

गुरुवार, २० तारीख

ई-मेल नाही. पायवाल्यांचे दुसरे पत्र आले. त्यांच्या गल्लीत जुन्या तारा बदलणार आहेत, म्हणून सत्तावीस तारखेला दिवसभर वीज बंद. "अकरा वर्षांत हे यंत्र बंद केलेले नाही. बंद झाल्यावर उठेल का, हे आपल्याखेरीज कोणाला विचारू? मुलीची आई रोज येऊन दारात उभी राहते. काही विचारत नाही, नुसती उभी राहते."

यांना वाचून दाखवले. हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "जुन्या कर्नेलवर उठेल. नव्यावर उठेल की नाही, मी आता कशाच्या जोरावर सांगू?"

शुक्रवार, २१ तारीख

सकाळी उत्तर आले. चाळणीवाल्यांनी माझा ई-मेल झाडूवालीकडे पाठवला होता, तिचे उत्तर. लांबलचक. यांना खुर्चीत बसवले, मी स्टुलावर. वन्सं वाटीभर साखर मागायला आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. थांबू दे म्हटले. साक्षीला कोणीतरी असलेले बरे.

तिने आधी माझेच वाक्य जसेच्या तसे दिले होते. मी एका दमात वाचले. "यंत्र रोज रात्री नऊला आणि दुपारी दीडला भिंतीवरून बंद होते. ते मी करते. घरच्यांना माहीत नाही. पंधरा वर्षे."

वन्संनी तोंडावर हात ठेवला. हे म्हणाले, "पुढे वाच."

पुढे असे होते: "चूक आपली नाही, माझी आहे. या यंत्राची बाहेरच्या तारांची चिप पूर्ण गार झाली की पहिल्या हाकेला लगेच ओ देत नाही. कर्नेलमध्ये तिच्यासाठी एक थांबा होता. दोन वर्षांपूर्वी साफसफाईत मी तो काढला, कारण कोणीच हे यंत्र बंद करत नाही असे मी धरले, आणि थांब्यावर लिहिलेली टीप मला कोणाची तरी घरगुती गंमत वाटली. ती टीप खाली देत आहे. तारीख पंधरा वर्षांपूर्वीची आहे."

आणि खाली टीप. तीही वाचली, कारण देवाला शब्द दिला होता.

"आमच्या घरी हे यंत्र रोज रात्री भिंतीवरून बंद केले जाते. बंद करणारी बरोबर आहे. म्हणून चिपला जागे व्हायला दोन सेकंद द्यावेत."

लिहिणाऱ्याचे नाव यांचे.

मी परत वाचली. अक्षर तेच.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पंखा थांबला की मला जाग यायची."

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या नाही. तिसऱ्या. पहिले दोन दिवस वाटलं लाईट गेले."

"आणि मी पहाटे पाचला उठून लावायची ते?"

"ते ऐकलं की परत झोप लागायची."

आता मला संताप आला. तेरा वर्षे थंडीवाऱ्याची अनवाणी, भिंत चाचपत. "मग तोंडानं सांगायला काय झालं होतं? निदान पाचला तरी उठले नसते!"

"सांगितलं असतं तर तू बंद करायचं सोडलं असतंस. आणि वीज जळत्ये म्हणून रात्रभर कूस बदलत राहिली असतीस. त्यापेक्षा दोन सेकंद स्वस्त पडले."

"मग आत्ता पंधरा दिवस डोकं धरून का बसलात? विचारायचं नाही का, बंद करत्येस का म्हणून?"

"ते कशाला विचारू? ते माहीतच होतं. थांबा तिथं नाहीये हे माहीत नव्हतं. मी लिहिलंय म्हणजे असणारच, असं धरून चाललो." मग हसले. "झाडूवालीनं कोपरा सोडला नाही बघ."

वन्सं दारातून म्हणाल्या, "काय झालंय काय? चोर सापडला की देव पावला?"

"दोन्ही," हे म्हणाले.

मला मात्र एकच लागून राहिले. विचारले, "हे जगभर सगळे वाचतात? घरची गोष्ट, पंधरा वर्षं?"

"टिपा कोण वाचतं गं! वाचल्या असत्या तर तिनं काढलाच नसता."

संध्याकाळपर्यंत यांच्याशी बोलले नाही. चहा दिला, पण न बोलता. चाळीस वर्षांत "तू बरोबर आहेस" असे यांच्या तोंडून ऐकल्याचे स्मरत नाही. दुसरीकडे कुठेतरी जमा होत होते म्हणायचे.

रात्री यंत्र बंद करायला गेले तर पलंगावरून आवाज, "केलंस का बंद?"

"केलं."

"बरं."

शनिवार, २२ तारीख

झाडूवालीने थांबा परत घालून पाठवला. तिने विचारले होते, टीप काढू की ठेवू. हे म्हणाले, घरात विचारून सांगतो. मी म्हटले, ठेवायची तर बरोबर ठेवा. 'रोज रात्री' असे नको, 'रोज रात्री आणि दुपारी' असे हवे. तिने तसे केले.

सकाळी साडेसातला गार यंत्रावर पहिली चाचणी. एकोणचाळिसावी ओळ आली. मी देवाचे नाव घेतले, एकदा, दोनदा. चाळिसावी आली. मग भराभर त्र्याण्णव, आणि चौकोन लुकलुकला. हे कडेने बघत होते. म्हणाले, "काहीतरी पांढरं हलतंय." म्हटले, हलतंय.

दिवसभरात तासातासाने बंद ठेवून पाच वेळा घेतली. पाचही जमेला.

दुपारी यांनी आणखी एक काम सांगितले. कर्नेलमध्ये एक यादी असते, कोणत्या यंत्राबद्दल कोणाला विचारावे त्याची. आमच्या यंत्रासमोर यांचे नाव. हे म्हणाले, ते खोडून तिथे तुझे घाल. मी विचारले, कशाला? म्हणाले, "ई-मेल वाचतं कोण? उत्तर देतं कोण? पत्ता बरोबर असावा." तेही खरेच. घातले आणि पाठवले. तासाभरात चाळणीवाल्यांचे उत्तर आले, एकच शब्द: "स्वागत." इतकी वर्षे ई-मेल येतात, आज कशाचे स्वागत ते कळले नाही. पण सभ्य माणूस आहे. यांना वाचून दाखवले तेव्हा हे बराच वेळ थेंब घालत बसले.

चाळणीवाल्यांची अट अजून अर्धीच पुरी झाली. दुसऱ्या यंत्राची खबर हवी, आणि दुसरे यंत्र एकाच ठिकाणी आहे.

रविवार, २३ तारीख

पायवाल्यांना पत्र लिहिले. यांनी सांगायला सुरुवात केली, मग म्हणाले तूच लिही, तुला जास्त माहीत आहे. उद्या पहिल्या टपालाने जाईल, सोबत सीडी एक. स्वस्तातली आहे पण पाच वेळा तपासलेली. नक्कल ठेवते.

"पायवाले यांस नमस्कार.

सोबतच्या सीडीवर या वर्षीचे कर्नेल आहे. आमच्या यंत्रावर पाच वेळा चालले. एकतीस तारखेच्या आत तुमच्या यंत्रावर चालल्याचे वरच्यांना कळवता आले, तर आपले यंत्र त्यांच्या यादीत राहील आणि इस्पितळाला तुमची तार जोडावी लागेल.

त्यासाठी यंत्र पूर्ण गार झालेले हवे. सत्तावीस तारखेला वीज जाणार आहे, ती जाईपर्यंत थांबू नका. सव्वीसला पत्र मिळताच संध्याकाळी स्वतःच्या हाताने भिंतीवरचे बटण बंद करा. दुसऱ्याने अचानक बंद करण्यापेक्षा आपण बंद केलेले बरे. रात्रभर राहू द्या. सकाळी वीज जायच्या आत सीडी घालून लावा.

अकरा वर्षांनी हात धजणार नाही, हे मला कळते. तुमच्या यंत्राची हमी मी देऊ शकत नाही. फक्त एवढे सांगते की आमचे यंत्र पंधरा वर्षांत चार हजार सातशेवर रात्री बंद झाले आणि तितक्याच वेळा उठले. दुपारच्या मोजलेल्या नाहीत.

एकोणचाळिसाव्या ओळीला ते थांबल्यासारखे वाटेल. घाबरून मागचे बटण दाबू नये. तो थांबा मुद्दाम ठेवलेला आहे. दोनदा देवाचे नाव घेण्याइतका.

मुलीचे माप जुने झाले असेल, ते नव्याने घ्यावे. तिच्या आईला बसायला सांगावे, दारात उभे ठेवू नये.

शेवटी पांढरा चौकोन लुकलुकला तर 'उठले' आणि नाही लुकलुकला तर शेवटची ओळ, टिंबासकट, एवढे उलट टपाली कळवावे."